पडलेल्या माणसाकडे बघू नये

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात रत्नागिरीला आत्याकडे गेले होते. दुपारची जेवणं उरकली होती. पडवीत जरा वारा होता, आणि आत्या पाटावर बसून फणसाच्या आठळ्या सोलत होती. खाली वर्तमानपत्र, त्यावर सालांचा ढीग, शेजारी पातेल्यात पाणी. मी तिच्याजवळच खांबाला टेकून फोन बघत बसले होते. मदत करते म्हणून बसले आणि चार आठळ्या सोलून हात पुसले, नेहमीसारखंच. थोड्या वेळानं आत्या म्हणाली, “काय गो, मघापासून एकच बघतेस?” मी फोन तिच्याकडे वळवला. “कोण हा? मुलगा का मुलगी?” मुलगा, म्हटलं, जपानचा, बर्फावर स्केटिंग करतो. ती चष्मा सावरून बघत राहिली. तो धावला, उडाला, फिरला, पडला. “पडला?” “हो.” “लागलं का?” “आधीच लागलेलं होतं.” मी बोट ठेवून चित्र मागे घेतलं. परत धावला, उडाला, पडला. तिसऱ्यांदा मागे घ्यायला लागले तशी आत्यानं सुरी खाली ठेवली. रागावली नव्हती. लहानपणी जेवताना बोलू नये, दिव्याला पाय लावू नये असं सांगायची त्याच आवाजात म्हणाली, “पडलेल्या माणसाकडे असं टक लावून बघू नये. त्याला आवडत नाही ते.”

मी फोन उपडा ठेवला आणि आठळी उचलली.

पण ते वाक्य माझ्याबरोबर पुण्यापर्यंत आलं. एसटी आंबा घाट चढत होती, खिडकीतून करवंदीच्या जाळ्या मागे पळत होत्या, आणि मी मनातल्या मनात आत्याशी वाद घालत होते. तो काही रस्त्यात पडलेला माणूस नाही, आत्या. जगानं बघावं म्हणूनच तो तिथे उतरला होता. आणि मी काही गंमत म्हणून बघत नाही, मला त्या उडीचं प्रेम आहे. सगळं खरं होतं, तरी प्रत्येक वाक्याच्या शेवटी मला तिची खाली ठेवलेली सुरी दिसत होती. कारण हेही खरं होतं की युझुरु हान्यूच्या जिंकलेल्या स्पर्धा मी एकदा-दोनदा बघितल्या असतील, पण ही अर्ध्या मिनिटाची पडण्याची चित्रफीत मी 2022 सालापासून किती वेळा बघितली त्याची मोजदाद नाही. ऑफिसात डबा खाताना, रात्री झोप येत नाही तेव्हा, कुणाशी भांडण झाल्यावर. का बघत होते?

त्या अर्ध्या मिनिटात काय आहे ते सांगते. बीजिंग, 10 फेब्रुवारी 2022, ऑलिम्पिकमधला पुरुषांचा फ्री स्केट, म्हणजे स्पर्धेचा दुसरा, लांब भाग. अंगावर फिक्या निळ्या-जांभळ्या रंगाचा जपानी धाटणीचा पोशाख. सोळाव्या शतकातल्या एका जपानी योद्ध्याच्या कथेशी जोडलेलं संगीत सुरू होतं. तो मागच्या बाजूनं घसरत येतो, मग वळून तोंड पुढे करतो. फिगर स्केटिंगमधल्या सहा मुख्य उड्यांपैकी ॲक्सेल ही एकच उडी अशी, की जिच्यात समोर बघत उडायचं असतं. बाकीच्या पाचांत पाठमोरं उडतात. उतरायचं मात्र सगळ्यांतच पाठमोरं. म्हणून ॲक्सेलमध्ये अर्धी गिरकी जास्त लागते. ॲक्सेल पॉलसन नावाच्या नॉर्वेच्या खेळाडूनं 1882 साली व्हिएन्नामध्ये ती पहिल्यांदा मारली, तेव्हा ती दीड गिरकीची होती. हान्यू मारायला निघाला होता ती साडेचार गिरक्यांची, आणि ती तोपर्यंत जगात कुणालाच स्पर्धेत साधली नव्हती. डाव्या पायाची बाहेरची धार बर्फात रुतते, उजवा पाय जिना चढावा तसा वर जातो, हात छातीशी आवळले जातात. हवेत राहायला सेकंदभरही मिळत नाही. तेवढ्यात तो इतक्या वेगानं फिरतो की चेहरा पुसल्यासारखा होतो, केस आणि बाह्यांची एक रेघ तेवढी उरते. मग उजव्या पायाचं पातं बर्फाला टेकतं. टेकतं, हे महत्त्वाचं. ते टेकल्यावर एक क्षण असा आहे की वाटतं, उभा राहिला. आणि मग पाय खालून निसटतो.

तो जो क्षण आहे ना टेकण्याचा, तोच मी परत परत बघायची. दर वेळी वाटायचं, आज राहील उभा.

पंचांनी ती उडी थोडी कमी फिरलेली ठरवली, पण साडेचार गिरक्यांचा ॲक्सेल म्हणूनच मोजली. कागदावर त्या उडीचं नाव उमटलं, इतिहासात पहिल्यांदा. गुण मात्र असे: पूर्ण फिरली असती तर पायाचे, म्हणजे त्या उडीचे ठरलेले, गुण साडेबारा, कमी फिरल्यामुळे दहा, पडल्यामुळे त्यातले पाच गेले, आणि पडण्याचा दंड आणखी एक. तीन गिरक्यांचा ॲक्सेल त्याच्या हातचा मळ होता. आठ गुण पायाचेच आणि त्याच्यासारखा मारला तर वर तीन-चार. म्हणजे ज्याला जिंकायचंच होतं त्याच्यासाठी हिशोब अगदी सरळ होता. तो त्यानं केला नसेल असं मुळीच नाही. हा माणूस वासेदा विद्यापीठात शिकला आणि पदवीसाठी त्यानं प्रबंध लिहिला तो स्केटरच्या अंगाला सेन्सर लावून उड्यांचं मोजमाप कसं करता येईल यावर. आकडे त्याला आपल्यापेक्षा चांगले कळत होते.

बर्फाबद्दल माझं स्वतःचं ज्ञान फार नाही. कोकणातल्या मुलीला बर्फ म्हणजे मिरकरवाडा बंदर. बाबा रविवारी पहाटे मासळीला न्यायचे. जेटीवर लाद्या उतरायच्या, घोंगडीएवढ्या लांब, आत पांढरट धूर कोंडल्यासारख्या. त्या यंत्रात घातल्या की खर्रर्र असा आवाज यायचा, आणि चुरा होऊन पन्हळीतून होडीच्या पोटात पडायचा. मी चिमूटभर चुरा मुठीत घेऊन उभी राहायची. आधी गार, मग झोंबायला लागायचा, मग हात आपला राहायचाच नाही. बाबा म्हणायचे टाक तो, मी टाकायची नाही. स्केटिंगच्या चित्रफितीत आवाज मोठा केला की पात्याचा तोच खर्रर्र ऐकू येतो, आणि मला बंदरावरचा डिझेलचा आणि मासळीचा वास येतो. टीव्हीवर बर्फ आरशासारखा गुळगुळीत वाटतो, पण तो तसा नसतो. प्रत्येक उडीच्या टोकाला तिथे खड्डा पडतो, पात्याच्या दातांनी टवके उडतात, आणि पुढच्या स्केटरला त्याच खड्ड्यांमधून वाट काढायची असते.

हान्यू मला भेटला तो 2018 च्या फेब्रुवारीत, एका दवाखान्याच्या बाकावर. बाबा बाथरूममध्ये पडले होते. आधी झटका आला आणि मग पडले, की पाय घसरून पडले आणि मग झटका, ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांचा उजवा पाय गेला होता. रात्री अतिदक्षता विभागाबाहेर आम्ही सगळे नातेवाईक आपापल्या पिशव्या आणि शाली घेऊन बसलेले. शेजारचा एक मुलगा फोनवर काहीतरी बघत होता, सिस्टर ओरडली म्हणून त्यानं आवाज बंद केला होता. मी नुसतीच त्या उजेडाकडे बघत होते. पांढऱ्या-जांभळ्या झब्ब्यासारखा पोशाख घातलेला एक बारीक मुलगा बर्फावर फिरत होता, संगीत नाही, टाळ्या नाहीत. एका उडीनंतर तो असा ओणवा झाला की पडणारच, पण त्यानं पाय सोडला नाही, कमरेतून वाकून, हात पसरून, दात खाऊन तो त्या एका पायावर तगून राहिला. त्या शेजारच्या मुलानं खुर्चीचा हात धरला होता. शेवटी तो बर्फावरचा मुलगा काहीतरी ओरडला आणि मग खाली वाकला. आधी वाटलं कोसळला. तर नाही. त्यानं दोन्ही हातांनी स्वतःचा उजवा घोटा धरला आणि क्षणभर धरून ठेवला. मग प्रेक्षकांतून पिवळ्या कापडी अस्वलांचा पाऊस पडला.

तीन महिने आधी, नोव्हेंबर 2017 मध्ये ओसाकाच्या स्पर्धेच्या सरावात त्या घोट्याचे अस्थिबंध दुखावले होते, आणि त्यानंतर थेट या ऑलिम्पिकमध्येच तो स्पर्धेला उतरला होता, वेदनाशामक गोळ्या घेऊन. हे मला नंतर कळलं. उडीतून उतरताना शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार एका पायावर येतो, आणि त्याच्या सगळ्या उड्या त्याच उजव्या पायावर उतरायच्या. सोची 2014 आणि प्याँगचांग 2018 अशी लागोपाठ दोन सुवर्णं त्यानं घेतली. पुरुषांत अशी लागोपाठ दोन अमेरिकेच्या डिक बटननं 1948 आणि 1952 ला घेतली होती, त्यानंतर सहासष्ट वर्षांनी. पण त्या रात्री मला यातलं काही माहीत नव्हतं. मला इतकंच दिसलं की कुणीतरी आपल्या पायाला नमस्कार करतोय. तालमीत उतरताना मल्ल लाल मातीला हात लावून कपाळाला लावतो, नट रंगमंचाच्या फळीला हात लावून जातो, ते आपण बघत आलोय. स्वतःच्या दुखऱ्या अवयवाला असं कृतज्ञतेनं धरलेलं मी पहिल्यांदा बघितलं. दुसऱ्या दिवशी बाबांना भेटायला पाच मिनिटं मिळाली तेव्हा मी त्यांच्या उजव्या पायाच्या तळव्याला हात लावून उभी राहिले. तळवा गार होता. बाबांना ते कळलं का, माहीत नाही. एप्रिलमध्ये ते गेले.

तेव्हापासून हान्यू माझा झाला. मी त्याचं सगळं मागचं शोधून बघायला लागले.

सेंदाईचा मुलगा. 1994 चा जन्म. नावाचा अर्थ धनुष्याला दोरी ताणून बांधणं, म्हणजे आपल्याकडे प्रत्यंचा चढवणं. दुसऱ्या वर्षापासून दमा. बहीण स्केटिंगला जायची, तिच्या मागे हा चौथ्या वर्षी गेला. त्याचं घरचं रिंक 2004 साली पैशांअभावी बंदच पडलं होतं. त्याच रिंकवर वाढलेल्या शिझुका आराकावानं 2006 ला ऑलिम्पिक सुवर्ण आणलं, लोकांनी मनावर घेतलं आणि 2007 ला ते परत उघडलं. आणि मग 11 मार्च 2011. सोळा वर्षांचा हा मुलगा त्याच रिंकवर सराव करत होता आणि जमीन हलायला लागली. तो पायांत स्केट्स असतानाच बाहेर पळाला, पात्यांच्या धारा फरशीवर घासून गेल्या. पुढचे काही दिवस घरच्यांबरोबर निवाऱ्याच्या जागी, जमिनीवर अंथरूण घालून. वीज गेलेल्या त्या शहरावर त्या रात्री आकाश ताऱ्यांनी भरून गेलं होतं, असं तो नंतर अनेकदा सांगत आला. मला त्या तपशिलानं फार अस्वस्थ केलं. इतकं माणूस मेलेलं, समुद्र गावात शिरलेला, आणि वर कधी नव्हे इतके तारे. ते सुंदर होतं हे म्हणायलाही माणूस कचरेल. त्यानं ते म्हटलं. 2023 पासून मार्च महिन्यात तो त्या ताऱ्यांच्याच नावानं बर्फावर कार्यक्रम करतो.

भूकंपानंतर रिंक बंद झालं तेव्हा खेळ सोडून द्यावा असं त्याच्या मनात आलं होतं. लोकांच्या घरांवर छप्पर नाही आणि आपण नाचायचं? मग त्या वर्षी तो गावोगाव साठेक प्रदर्शनी कार्यक्रमांत स्केटिंग करत हिंडला, कारण बर्फ तिथेच मिळत होता. कार्यक्रम हाच त्याचा सराव. पुढच्या वर्षी, 2012 ला, नीसमध्ये जागतिक स्पर्धेत कांस्य. मग टोरंटो, तिथे ब्रायन ऑर्सर यांच्याकडे शिकणं. मग एकोणिसाव्या वर्षी सोचीत सुवर्ण, शॉर्ट प्रोग्रॅममध्ये, म्हणजे स्पर्धेच्या पहिल्या, छोट्या भागात, शंभर गुणांच्या वर जाणारा पहिला माणूस. 2015 ला दोन आठवड्यांत दोनदा एकूण गुणांचा जागतिक विक्रम मोडून 322.40 आणि मग 330.43. 2017 ला हेलसिंकीत पाचव्या जागेवरून उठून जगज्जेता. हे सगळं भराभर सांगून टाकते, कारण जिंकणं त्याच्या बाबतीत सांगायला सगळ्यात सोपं आहे.

सांगायला अवघड आहे ते शांघाय. नोव्हेंबर 2014. फ्री स्केटच्या आधी सहा मिनिटं सगळ्यांना मिळून अंग मोकळं करायला देतात, त्यात चीनचा हान यान आणि हा, दोघेही पूर्ण वेगात, एकमेकांवर आदळले. हान्यू बर्फावर पडून राहिला. हनुवटीतून रक्त. ऑर्सर यांनी त्याला समजावलं की आज शौर्य दाखवायची वेळ नाही. त्यानं डोक्याला पट्टी बांधली, हनुवटीला पट्टी लावली आणि उतरला. पाच वेळा पडला. पाच वेळा उठला. रौप्यपदक मिळालं. नंतर टाके घातले. लोक त्या दिवसाला त्याच्या जिद्दीची कहाणी म्हणून सांगतात, आणि मला ते बघवत नाही. मी एकदाच बघितलं, तेही मधेच बंद करून. डोक्याला मार लागलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला कुणीतरी हाताला धरून खाली बसवायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. स्टेडियम टाळ्या वाजवत होतं. त्या टाळ्यांमध्ये प्रेम होतं यात शंका नाही. पण आत्याचं म्हणणं मला कुठे पटत असेल तर तिथे. बघणाऱ्यानं नजर वळवली असती तर पडणाऱ्याला कदाचित थांबता आलं असतं.

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी चाकांचे स्केट्स घालून लहान मुलं येतात. गुडघ्याला, कोपराला टोप्या बांधलेल्या. त्यांचे सर पहिले दोन दिवस फक्त पडायला शिकवतात. गुडघे वाकव, बाजूला पड, बोटं मिटून घे, मागून येणाऱ्याचं चाक बोटांवरून जाईल. एक पाचेक वर्षांची मुलगी पडली की आधी आईच्या दिशेनं बघते. आई फोनमध्ये असली तर मुकाट उठते. आईनं बघितलं की रडते. मी वरून गॅलरीतून हे कितीदा बघितलंय, आणि ठरवू शकलेले नाही की आईनं काय करावं.

प्याँगचांगनंतर त्याच्याकडे मिळवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यानं ठरवलं, साडेचार गिरक्या. लहानपणी त्याला शिकवणारे त्सुझुकी सर सांगायचे की ॲक्सेल हा उड्यांचा राजा, ते त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. करोनाच्या काळात तो टोरंटोला जाऊ शकला नाही. सेंदाईला, रात्री, एकटा सराव करायचा. कोच नाही, बरोबरीचे खेळाडू नाहीत. मी त्याची कल्पना करते. रिकामं रिंक, बर्फाचं यंत्र बंद झाल्यावर येणारी ती शांतता, आणि एक पंचवीस-सव्वीस वर्षांचा माणूस, ज्याच्या घरी दोन ऑलिम्पिक सुवर्णं आहेत, उडतोय आणि पडतोय, उडतोय आणि पडतोय. तिथे कुणी टक लावून बघायला नव्हतं. डिसेंबर 2021 ला जपानच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यानं ती उडी सगळ्यांसमोर मारली, दोन पायांवर उतरली, तीन गिरक्यांचीच धरली गेली. दोन महिन्यांनी बीजिंग.

तिथे तर आधी शॉर्ट प्रोग्रॅमचीच पहिली उडी गेली. साल्काव नावाची चार गिरक्यांची उडी मारायला धार टेकवली आणि पातं दुसऱ्या कुणाच्या तरी खड्ड्यात अडकलं. चारची एक गिरकी झाली, गुण शून्य. पहिल्या दिवसाअखेर आठवा. बर्फालाच मी नकोसा झालो की काय असं वाटलं, असं तो म्हणाला. शेवटी कांस्यपदकापासून तो 9.79 गुणांनी दूर राहिला, आणि त्या एका साल्कावचा नुसता पायाच 9.70 चा. वर चांगल्या उडीचे गुण वेगळे. म्हणजे पदक गेलं ते ॲक्सेलमुळे नाही, दुसऱ्याच्या खड्ड्यामुळे. मी हा हिशोब कितीदा केलाय. कशासाठी केला असेल? त्याला कुणी दोष देऊ नये म्हणून, आणि कोण देणार होतं दोष? फ्री स्केटच्या आदल्या दिवशी सरावात तोच उजवा घोटा परत मुरगळला होता. इंजेक्शन घेऊन तो उतरला. तरीही पहिलीच उडी ॲक्सेल.

काही दिवसांनी पत्रकारांसमोर बसून तो सांगत होता की माझ्या आत नऊ वर्षांचा मी आहे, आणि तो सारखा म्हणत असतो, उडी मार. नऊ वर्षांचा असताना तो त्याच्या वयोगटात देशात पहिला आला होता, आणि जगात आपल्यासारखा कुणी नाही अशी त्या वयाची बेधडक खात्री त्याला तेव्हा होती. सरावात प्रत्येक वेळी तो छोटा मुलगा मला म्हणायचा, किती वाईट मारतोस. या वेळी त्यानं शाबासकी दिली, असं हान्यू म्हणाला. बोलताना डोळे भरून आले होते. त्याच वर्षी 19 जुलैला त्यानं स्पर्धा सोडल्या. दोन महिनेही झाले नव्हते, 14 सप्टेंबरला अमेरिकेत लेक प्लॅसिडला सतरा वर्षांच्या इलिया मालिनिननं साडेचार गिरक्यांचा ॲक्सेल स्वच्छ उतरवून दाखवला. आणि सांगितलं की हान्यूनं प्रयत्न केला म्हणून मला वाटलं करून बघावं. मी ती उडीही बघितली. सुंदर आहे, हलकी आहे, मुलगा उतरून हसतो. एकदाच बघितली. मला आनंद झाला, आणि त्याच्या खाली थोडं दुखलंही. कुणाचं तरी घर बांधून झालं आणि राहायला दुसरं कुणी आलं, तसं काहीसं.

आत्याचं वाक्य मला इतकं का लागलं, हे मला माहीत होतं. सांगायचं टाळत होते इतकंच. मागच्या वर्षी आषाढात मी चार दिवस तिच्याकडे होते. पाऊस कोसळत होता, मागच्या अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ धरलं होतं. सकाळी चहाचं भांडं ठेवून मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होते. आत्या विहिरीकडून कळशी घेऊन येत होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, नळ असताना विहिरीचंच पाणी देवाला हवं म्हणून. पाय सरकला. कळशी आधी गेली, मग ती. एका कुशीवर, हात खाली सापडला. मी ओरडायला तोंड उघडलं आणि थांबले. कारण तिनं इकडेतिकडे बघितलं. कुणी पाहिलं का, ते बघितलं. त्या नजरेत जे होतं ते मला ओळखू आलं. बाबा पडल्यावर आम्ही दार उघडलं तेव्हा त्यांच्याही डोळ्यांत तेच होतं. मी खिडकीतून बाजूला झाले. भिंतीला पाठ लावून उभी राहिले आणि ऐकत राहिले. पाऊस, मग कळशीचा आवाज, मग तिची सावकाश पावलं. ती आत आली तेव्हा लुगड्याची एक बाजू चिखलानं भरली होती. “बघ कसा चिखल उडाला,” म्हणाली. मी म्हटलं, “पाऊस किती आहे.” दोन दिवस ती डाव्या हातानं पोळ्या लाटत होती. मी बरोबर केलं की चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी धावत जायला हवं होतं, असं रात्री वाटतं. सकाळी वाटतं, नको होतं.

या वर्षी गणपतीत परत गेले. दुसऱ्या दिवशी रात्री आरती झाली, पाहुणे गेले, समई तेवत होती. निरंजनातल्या तुपाचा आणि केवड्याचा वास घरभर. आत्या खुर्चीत बसून पाय चोळत होती. एकदम म्हणाली, “त्या मुलाचं पुढे काय झालं गो?” मला आधी कळलंच नाही. “तो गं, पडत होता तो. उठला का?”

उठला, म्हटलं. आणि तेव्हा लक्षात आलं की उठल्यानंतरचं मी स्वतः नीट कधी बघितलेलंच नव्हतं. पडला की बोट ठेवून मागे जायचं, परत उडी, परत ते टेकणं. पुढचं सगळं मी चार वर्षं कापून टाकत आले होते. मी फोन घेऊन तिच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसले आणि लावून दिलं. या वेळी मागे घेतलं नाही. ॲक्सेल. पडला. आत्या चुक् असं म्हणाली. उठला, लगेच पुढची उडी, साल्काव, परत पडला. आत्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. आणि मग तो पडला नाही. एकामागून एक उड्या, चार गिरक्यांच्या दोन, दोन्हींना पुढे आणखी उड्या जोडून, त्या सुजलेल्या घोट्यावर. मधे पावलांचा एक लांब तुकडा आला, त्यात त्याचे हात असे चालत होते की आत्या म्हणाली, “नमनासारखं करतोय.” खरंच तसं होतं. त्या दिवसाच्या फ्री स्केटमध्ये तो तिसरा आला होता, हे वाचून माहीत होतं मला. दिसलं आज. शेवटी तो थांबला, एक हात वर आभाळाकडे, मान मागे, डोळे मिटलेले, आणि कितीतरी वेळ तसाच राहिला. ती मुद्रा नऊ वर्षांचा असताना केलेल्या नाचाच्या शेवटचीच होती, असं त्यानं सांगितलंय. मी आत्याला ते सांगितलं. “हं,” म्हणाली. तिला ते अवघड वाटलं नाही.

फोन बंद केला. बाहेर बेडूक ओरडत होते. आत्या उठली, समईत तेल घातलं, वात सरकवली. पाठमोरीच म्हणाली, “मागच्या आषाढात मी पडले होते विहिरीपाशी. तू खिडकीत होतीस.”

मी काहीच बोलले नाही.

“पडदा हलला होता,” आत्या म्हणाली, आणि तेलाचा हात पदराला पुसून झोपायला गेली.